बारगीर, बोर्गी आणि दुकानातलं बारदान

धंतोलीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या बंगाली आजी नातवाला झोपवताना एक अंगाई म्हणतात. पोर झोपलं, गल्ली शांत झाली आणि देशात 'बोर्गी' आले, असं काहीतरी तिच्यात येतं. बोर्गी म्हणजे काय, असं ताईंनी विचारलं तर आजी हसून म्हणाल्या, "तुम्हीच की, नागपूरवाले!" ताईंचं म्हणणं असं की हा शब्द मराठी असेल तर आपल्याकडे तो कुणाच्या तोंडी काहून नाही?

आजींचं बरोबर आहे. आणि शब्द आपल्याकडेही आहे, फक्त पोथ्या-बखरींत जाऊन बसलाय. तो म्हणजे 'बारगीर'.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही आणि ज्याला घोडा-हत्यार सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. मान शिलेदाराचा मोठा. पण सरकारचा भरवसा बारगिरावर जास्त, कारण घोडाच सरकारचा, तेव्हा रुसून घरी जायचं तर पायी जावं लागणार!

शब्द फारसी. 'बार' म्हणजे ओझं. संस्कृतातला 'भार' आणि हा 'बार' सख्खे भाऊ. 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. जहांगीर, आलमगीर यांतला तोच. म्हणजे बारगीर हा ओझं घेणारा, अर्थात घोडा किंवा ओझ्याचं जनावर. घोड्याचं नाव पुढे त्याच्यावर बसलेल्या गड्याला चिकटलं. यातला 'बार' नागपूरकराला अनोळखी नाही. कळमन्याच्या बाजारात पोती कमी पडली की 'बारदाना संपला' अशी ओरड होते ना, तो बारदाना याच घरचा. शिलेदाराचं मूळ 'सिलाह' म्हणजे हत्यार, शिलेखानाही त्यातलाच.

आता 'र' कुठे गेला? बंगाल्यांनी खाल्ला असं सहज सांगतात. मला ते तितकं सरळ वाटत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या दिमतीला जे मराठी स्वार होते, त्यांना मोगलांच्या फारसी तवारिखांत आधीच 'बर्गी' म्हटलेलं आहे, म्हणजे बंगालच्या स्वाऱ्यांआधी शंभरेक वर्षं. तेव्हा बंगालात हा शब्द दरबारी फारसीतूनच पोचला असावा. बंगाल्यांनी आपला 'ओ' तेवढा त्यात घातला.

मात्र तो घराघरांत नेऊन पोचवला तो नागपूरनेच. महालातून कारभार करणाऱ्या पहिल्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर 1742 साली फौज घेऊन बंगालात उतरले. नवाब अलीवर्दीखानाशी हा झगडा 1751 पर्यंत चालला. गावं जळाली, धान्य लुटलं गेलं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्रपुराण' रचलं, त्यातली बर्गींची वर्णनं वाचताना मराठी माणसाची मान खाली जाते. अंगाईतही पुढे हेच रडगाणं आहे: धान बुलबुल खाऊन गेले, आता शेतसारा भरायचा कशाने? आपल्या बागुलबुवाला ना गाव ना नाव. त्यांच्या बागुलबुवाचा पत्ता मात्र नागपूरचा.

त्या दहा वर्षांतल्या काही गोष्टी कुणी रचून सांगितल्या तर खऱ्या वाटणार नाहीत. 1742 मध्ये भास्करपंतांनी काटव्याजवळ थाटात दुर्गापूजा मांडली आणि ती पुरी व्हायच्या आत अलीवर्दीने छापा घातला. कलकत्त्याच्या लोकांनी बर्गींच्या धास्तीने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीन मैल झाला, बर्गी काही आले नाहीत, काम थांबलं. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' आजही आहे. न आलेल्या शत्रूची एवढी मोठी आठवण दुसऱ्या कुठल्या शहराने जपली असेल?

त्याहून अचाट म्हणजे 1743 साली बंगालात मराठ्यांच्या दोन फौजा होत्या. एक रघूजींची आणि दुसरी नानासाहेब पेशव्यांची. ही दुसरी अलीवर्दीकडून 22 लाख घेऊन पहिलीला हुसकायला आली होती! पेशव्यांनी भोसल्यांना बाहेर काढलंही. शेवटी शाहू महाराजांनी दोघांना समोर बसवून बंगाल, बिहार, ओरिसा भोसल्यांकडे दिला. बंगाली शेतकऱ्याला यातला फरक काय कळणार? त्याच्या लेखी पुण्याचा असो की नागपूरचा, शिलेदार असो की बारगीर, घोड्यावरून आला तो बोर्गी. पुढल्या वर्षी अलीवर्दीने भास्करपंतांना बोलणीच्या निमित्ताने मानकरा नावाच्या गावी तंबूत बोलावून दगा देऊन मारलं. 1751 च्या तहात भोसल्यांना वर्षाला 12 लाख चौथाई आणि ओरिसाचा कारभार मिळाला. अट एकच: सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय. मराठीत 'बारगीर' हा हुद्दा होता. फौज मोडली, पागा मोडल्या, हुद्दा संपला आणि शब्दही. 'शिलेदार' वाचला, कारण त्याला मान होता. आज वर्तमानपत्रात पक्षाचा शिलेदार असतो, क्रिकेटमध्ये कप्तानाचे शिलेदार असतात. खरं तर दुसऱ्याच्या घोड्यावर, दुसऱ्याच्या हत्यारानिशी लढणाऱ्या बऱ्याच पुढाऱ्यांना 'बारगीर' हाच शब्द नेमका बसेल. पण म्हणून पाहा कुणाला, भौ! बंगालीत तो हुद्दा कधी नव्हताच, भीती होती. म्हणून हुद्दा गेल्यावरही शब्द टिकला.

लिहिताना एवढं सांभाळा. मराठी इतिहास सांगत असाल तर 'बारगीर', विभक्ती लागली की ऱ्हस्व 'गि': बारगिराला, बारगिरांनी. 'बर्गी' किंवा 'बोर्गी' हे बंगालबद्दल बोलताना. दोन्ही एकमेकांच्या जागी घातले तर चुकीचं होतं, कारण सगळे बर्गी बारगीर नव्हते.

आणि आजींना सांगा, 1887 साली दोन्ही नावं जोडून 'बंगाल नागपूर रेल्वे' निघाली. तेव्हापासून नागपूरहून बंगालात जायला घोडा लागत नाही, आणि तिकीटही आपलंच काढावं लागतं.