कसाऱ्याकडच्या रुळांवर जाशील तेव्हा

ठाणे

अनेक आशीर्वाद.

आपत्ती पथकात तुझी निवड झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. इमारत कोसळली की काय करायचं, हे तुला ठाण्यात शिकवतीलच. मी लिहितोय कल्याणपुढच्या रुळांबद्दल. २९ ऑगस्ट २०१७ ला, धो धो पावसात, वासिंद-आसनगावच्या मध्ये दरड आली आणि नागपूर-मुंबई दुरांतोचं इंजिन नि नऊ डबे घसरले. जीव कुणाचा गेला नाही. दर वेळी असं नशीब नसतं.

पोचलास की लगेच ओढाओढीला लागू नकोस. आधी ओव्हरहेड तारेच्या खांबावरची पाटी वाच: वरचा आकडा किलोमीटर, खालचा खांबाचा. रेल्वेच्या कंट्रोल रूमला तोच सांग. ‘वासिंदच्या पुढे’ म्हटल्याने मदत भलत्याच फाटकावर जाते. मग विचार, शेजारचा मार्ग बंद केला का? ओडिशातल्या बालासोरला २ जून २०२३ ला कोरोमंडल एक्स्प्रेसचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीवर आदळले होते. तिसरी गोष्ट तारेची. तीत २५ हजार व्होल्ट असतात. तुटून पडलेली तार मेलेली दिसते, तरी रेल्वेचा माणूस ‘पॉवर बंद, अर्थिंग झालं’ (म्हणजे तारेतला उरलेला करंट जमिनीत सोडला) म्हणेपर्यंत कुणालाही जवळ फिरकू देऊ नकोस.

डब्यात शिरलास की ओरडणाऱ्यांकडे पाय आपोआप वळतात. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्यांकडे आधी जा, श्वास बघ, वाहणारं रक्त दाबून धर. आत माणसं अडकलेली असताना गॅस कटर लावू देऊ नकोस. सीटचा फोम पेटला तर धुरानेच जीव जातील. ठिणग्या न उडवता कापणाऱ्या हायड्रॉलिक कटरची वाट बघावी लागली तरी बघ. तपासलेल्या डब्यावर स्प्रेने खूण कर, पावसात खडू टिकत नाही.

आणि गाववाल्यांना हाकलू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगतो. आपण पोचायच्या आत त्यांनी कितीतरी माणसं बाहेर काढलेली असतात. कुठल्या बांधावरून स्ट्रेचर जाईल, कुठल्या खाचरात गुडघाभर चिखल आहे, ट्रॅक्टर कुणाच्या दारात उभा आहे, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्यातल्या एकाला सतत तुझ्या बाजूला ठेव.

सवड मिळाली की शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ये. एका वेळी किती जखमी घेता येतील, रक्ताची सोय कुठून होते, रात्री कुणाला फोन करायचा, हे विचारून वहीत लिहून घे.

तुझा,
काका