रिपोर्टातलं ते एनएस-१ म्हणजे काय?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, ऐन कापूस वेचणीत माह्या पोराले डेंग्यू झाला, रिपोर्टात एनएस-१ पॉझिटिव्ह. हे काय असते? रक्तातली फौज काहून हरते? (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर: ताई, फौज हरत नाही, फसते. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची ३० च्या वर प्रोटीनं असतात, ती व्हायरसवर खूण चिकटवतात, मग पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, नाहीतर त्याच्या आवरणाला भोकंच पडतात. पण डेंग्यूची लागण झालेल्या पेशी एनएस-१ हे व्हायरसचं प्रोटीन रक्तात सोडतात आणि ते कॉम्प्लिमेंटमधल्याच सी४ नावाच्या प्रोटीनला धरून वाया घालवतं, साखळी तिथंच अडते. तेच टेस्टमध्ये दिसलं. एचआयव्ही तर आपल्याच पेशीचं सीडी५९, म्हणजे भोकं पडू न देणारं प्रोटीन, अंगावर चढवून निघतो. पोराला ओआरएस पाजा, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन नको, आणि ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या झाल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.