साडेचार एकरांचा भाव

प्रश्न (रावेर) : केळीला बऱ्हाणपूरचा भाव लागतो. वाइनची एक बाटली पाचशेची, दुसरी लाखाची. इतली महाग काबर शे भो?

केळीचा घड पाहून भाव ठरतो, शेत कुणाचं हे व्यापारी विचारत नाही. उंची वाइनमध्ये मात्र शेतच विकलं जातं. फ्रान्सच्या बर्गंडीत रोमाने-कोंती नावाचा मळा आहे, उतारावरचा, जेमतेम साडेचार एकर. वर्षाला ५-६ हजार बाटल्या निघतात आणि गिऱ्हाईक सगळ्या जगातलं. त्याच गावात, त्याच पिनो न्वार द्राक्षाची वाइन उतार संपून सपाटी लागली की किती तरी स्वस्त मिळते. शिवाय हेक्टरी किती पीक घ्यायचं, त्यावर तिकडे कायद्याची मर्यादा आहे. चांगले मळेवाले हिरवे घड कापून खाली टाकतात, उरलेल्यांत रस दाट व्हावा म्हणून. सावद्याच्या माझ्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "डोकं फिरलंय का त्यांचं?" वर निसर्ग आहेच. एप्रिल २०२१ मध्ये कोवळ्या फुटींवर हिव पडलं आणि फ्रान्सचं पीक पार बसलं.

चिलीच्या मध्य खोऱ्यात उलटं. सपाट रान, अँडीजचं पाणी, काढणीला यंत्र. तिथली वाइन स्वस्त पडते ती त्यामुळे.

प्रश्न (पिंपळनेर) : आमची थॉम्पसन वाइनरीला चालेल का? बाटलीत द्राक्षाचे पैसे किती?

थॉम्पसन खायचं द्राक्ष, ते बाजारातच न्या. वाइनला शिराझ, शेनिन ब्लां अशा जाती लागतात. लावण्याआधी वाइनरीशी लेखी करार करा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं जातात, म्हणजे द्राक्षाचा खर्च फार नाही. पैसा खातं ते लाकूड. वाइन मुरवायला ओक झाडाच्या लाकडाचं पिंप लागतं; फ्रेंच ओकचं नवं पिंप हजार युरोच्या आसपास जातं. त्यात २२५ लिटर मावतं, म्हणजे ३०० बाटल्या. बाटलीमागे तीन युरो नुसत्या लाकडाचे! त्यात वर्ष-दीड वर्ष माल पडून राहणार, त्या भांडवलाचं व्याज वेगळं.

प्रश्न (भुसावळ) : परदेशात स्वस्त मिळणारी बाटली इथे तिप्पट का?

कर. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. शंभराची बाटली बंदरातच अडीचशेची व्हायची. त्यावर राज्याचे कर, मग दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या ५ ते १५ अमेरिकी डॉलरच्या बाटलीचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं, त्यावरच्या बाटलीचं ७५ टक्क्यांवर.

तुमच्याकडे आणखी एक भानगड आहे, उन्हाळा. मेमध्ये पंचेचाळिशी गाठणाऱ्या गावात बिनएसीच्या दुकानातली महाग वाइन घेऊ नका. मी एकदा घेतली होती. उघडली तर उकडलेल्या मनुकांचा वास. बूच तोंडाबाहेर सरकलेलं दिसलं, तर बाटली काउंटरवरच परत करा.