प्राचीन हित्ती लोकांचा पावसाचा आणि सुपीकतेचा देव एकच होता का?

नाही, बापलेक होते. वादळ-पावसाचा देव तारहुन्ना आणि पिकापाण्याचा त्याचा मुलगा तेलिपिनू. हत्तुशा या त्यांच्या राजधानीत (आजच्या तुर्कस्तानात) सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर तेलिपिनूची कथा आहे. तो इतका चिडतो की डाव्या पायातला जोडा उजव्यात घालूनच घर सोडतो. मग झरे आटतात, गाई-मेंढ्या गाभण राहत नाहीत, देव जेवतात पण पोट भरत नाही. गरुडाला तो सापडत नाही, म्हणून हन्नाहन्ना देवी मधमाशी धाडते. ती डंख मारून उठवते, तर स्वारी आणखीच भडकते! (झोपमोड झाल्यावर दुसरं काय होणार.) शेवटी कामरुशेपा देवी मंत्रविधीने राग उतरवते आणि तो राग पाताळातल्या झाकणबंद कांस्यपात्रांत कोंडला जातो.