लॉग पाठवण्यापूर्वी फील्डचे प्रकार ठरवा

हिंजवडीतील आमच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी जे पहिल्याच दिवशी सांगतो, तेच तुम्हालाही सांगतो: इलास्टिकसर्च या शोधता येणाऱ्या डेटाबेसकडे लॉग, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनमधील घटनांच्या नोंदी, पाठवण्याआधी नोंदीतील प्रत्येक फील्डचा (रकान्याचा) प्रकार, म्हणजे त्यात संख्या, मजकूर की तारीख येणार हे, मॅपिंग या प्रकारांच्या यादीत स्वतः लिहून ठेवा. तो न लिहिल्यास पहिल्या नोंदीवरून ठरतो. म्हणजे 'रक्कम' या फील्डमध्ये आधी ४५० ही संख्या आली आणि नंतर कोणी तिथे 'उपलब्ध नाही' असा मजकूर पाठवला, तर ती अख्खी नोंदच नाकारली जाते. आमच्या एका प्रकल्पात अशा नाकारलेल्या नोंदी ३ दिवस कोणाच्याही लक्षात आल्या नाहीत, आणि बिघाड दाखवणाऱ्या नोंदी नेमक्या त्याच होत्या.

प्रत्येक घटना एका ओळीत एक जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) अशी फाइलमध्ये लिहा आणि ती इलास्टिकसर्चपर्यंत नेण्याचे काम फाइलबीट या लॉग वाचून पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर सोपवा. कुठवर वाचून झाले हे ते लक्षात ठेवते, त्यामुळे इलास्टिकसर्च काही काळ बंद पडला तरी तुमचे अ‍ॅप्लिकेशन अडून राहत नाही. ग्राहक क्रमांक फील्डचे नाव म्हणून कधीही वापरू नका, कारण मग प्रत्येक ग्राहकामागे एक नवे फील्ड तयार होते, आणि एका इंडेक्सची (नोंदींच्या एका संचाची) मूळ मर्यादा १००० फील्डची असते. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतच नोंदवा. पुण्यातील सकाळी १० वाजताची घटना तिथे ०४:३० अशी दिसेल. पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक मात्र फाइलमध्ये लिहिण्यापूर्वीच गाळा.