ताईंना विचारा : अजून किती थांबू?

प्रश्न : ताई, पंचवटीत खोली घेऊन तीन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. दोनदा थोडक्यात हुकलं. चिकाटी धरायची म्हणजे किती दिवस?

उत्तर : अरे, आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड कापतात. घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, त्यानंतरच घडतो, दिसतो मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मधले महिने नुसतं थांबायचं नसतं बाबा. फुटव्यांची विरळणी, शेंडे खुडणं, फवारण्या चालूच. एका वर्षी माझे घड जिरले, म्हणजे वाढण्याआधीच विरून गेले, कारण मीच पाण्याचं गणित चुकवलं होतं. (सासऱ्यांनी ढगांना दोष दिला, भला माणूस!) बाग तोडली नाही, पाणी बदललं. कुठल्या पेपरात हुकलास, ते तू लिहिलंच नाहीस. दोन्ही वेळचे गुण शेजारी मांड आणि मला परत लिही.