ग्राफिक्स कार्डाचा आवाज बसवायचाय

प्रश्न: माझ्याकडे १७० वॅटचं, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर लावलं की पाच मिनिटांत पंखे असे ओरडायला लागतात की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. मूळ पंखे काढून कॅबिनेटचे मोठे पंखे बांधता येतात, असं ऐकलंय. घरच्या घरी जमेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: जमेल. पण पेचकस हातात घेण्याआधी फुकटातला उपाय करून बघा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा, म्हणजे १७० चे साधारण १२८ वॅट होतील. वॅट जितके उतरतात त्या मानानं वेग फारच थोडा उतरतो. खोली ४० अंशांवर आणि कार्ड ८० वर असेल, तर पंख्यांचा वेग तोच ठेवूनही कार्ड ७० च्या आसपास येतं. नागपूरच्या मे महिन्यात हे दहा अंश थोडेथोडके नाहीत. एवढ्यानं भागलं तर पुढची खटपट करूच नका.

नाही भागलं, तर आधी मोजमाप. कार्डावरचे पंखे आठ-नऊ सेंटिमीटरचे आणि पातळ असतात, त्यामुळे पुरेशी हवा ढकलायला त्यांना फार जोरात फिरावं लागतं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. १२० मिमीचा पंखा तेवढंच काम हजार-बाराशे आरपीएमवर करतो, सगळी गंमत एवढीच. हीटसिंकची (चिपची उष्णता ओढणारा, धातूच्या पातळ पट्ट्यांचा म्हणजे फिन्सचा भाग) लांबी २२० मिमीच्या पुढे असेल तर १२० चे दोन पंखे घ्या. १८०-१९० असेल तर ९२ मिमीचे दोन. मग कॅबिनेटमध्ये कार्डाखाली किती जागा आहे ते बघा. एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिमी. नेहमीचा पंखा २५ मिमी जाड असतो, त्यामुळे दोन स्लॉटचं कार्ड तीन स्लॉट खातं. शिवाय पंख्याखाली श्वास घ्यायला दोन-तीन सेंटिमीटर हवेतच. जागा नसेल तर १५ मिमी जाडीचे पंखे मिळतात, मात्र ते तेवढ्याच कामासाठी थोडे जास्त बोलतात.

सामान: दोन पीडब्ल्यूएम पंखे (चार तारांचे, एका तारेवरच्या संकेतानं वेग ठरणारे; फिन्समधून हवा रेटायची असल्यामुळे स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद, चांगली असलेले), १५-२० सेंटिमीटरचे आठ-दहा केबल टाय, ३ मिमी जाडीची फोम टेप आणि कार्डावरच्या छोट्या चार पिनी सॉकेटमधून नेहमीच्या दोन पंख्यांच्या पिनेत नेणारी अडॅप्टर वायर. ती ऑनलाइन मिळते; पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही विचारून बघा.

कार्ड बाहेर काढून मऊ कापडावर उलटं ठेवा. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर कडेच्या बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं. चिपभोवती चौकोनात बसलेले चार स्प्रिंगवाले स्क्रू मात्र अजिबात हलवू नका. ते सैल झाले की हीटसिंक चिपवरून उचलला जातो, थर्मल पेस्टचा थर तुटतो आणि नसतं काम मागे लागतं. काही कार्डांत कव्हर सुटायला हीटसिंकच उतरवावा लागतो. तसं असेल तर नवी पेस्ट आणि योग्य जाडीचे थर्मल पॅड आणेपर्यंत थांबा. पंख्यांच्या वायरी ओढू नका, प्लगला धरून काढा. कव्हर, पंखे, स्क्रू एका पिशवीत भरून ठेवा. एखाद्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर तो निर्णय तुमचा.

पंखा कुठल्या बाजूनं लावायचा यात बरेच जण फसतात. मोटरला धरणारे दांडे ज्या बाजूला असतात, हवा तिकडून बाहेर पडते. ती बाजू हीटसिंककडे. फोम टेपची पट्टी फ्रेमच्या कडेनं चिकटवा: फट बुजते, थरथर मरते आणि पंखा फिन्सपासून जरासा दूर राहतो. केबल टाय पंख्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून हीटसिंकभोवती न्या, पण सर्किट बोर्डावरच्या सुट्या भागांवर टेकू देऊ नका. चारही कोपरे आलटून पालटून, थोडे थोडे ओढा. एकच कोपरा आवळला की फ्रेम मुरडते आणि पाती घासायला लागतात. शेवटी पंखे हातानं फिरवून बघा. ‘टक टक’ आली तर बहुधा एखादी वायर पात्याला शिवते आहे. वजन वाढल्यानं कार्ड झुकतं, म्हणून मोकळ्या टोकाखाली आधार द्या.

आणि कुलर: पीसी त्याच्या थेट झोतात ठेवू नका, तुषार उडतात. ओलसर हवेनं कार्डावर दव मात्र धरत नाही, कारण चालू कार्ड खोलीपेक्षा गरमच असतं.

प्रश्न: वरच्यासारखे दोन १२० मिमी पंखे बसवून कार्डाच्याच सॉकेटला जोडले. आवाज गेला, पण तापमान ७४ वरून ८३ वर गेलं. पंखे चांगल्यातले आहेत. चुकलं कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: पंख्यांत नाही, हुकमात. कार्ड वेग टक्क्यांत सांगतं, आरपीएममध्ये नाही. मूळ पंखा शंभर टक्क्यांवर ३००० फिरत असेल तर ४५ टक्के म्हणजे साधारण १३५०. तुमचा पंखा कमाल १८०० चा, त्याला ४५ टक्के म्हणजे जेमतेम ८००. कार्डाला वाटतं हवा भरपूर जाते आहे. त्यामुळे कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती टक्के, तो आलेख) स्वतः आखा: ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ६५ ला ५५, ७५ ला ७५, ८३ ला शंभर. दोन-तीन अंशांचा हिस्टेरिसिस ठेवा, म्हणजे तेवढ्याशा चढउतारानं पंख्याचा वेग बदलणार नाही. सतत खाली-वर होणारा सूर हा एकसारख्या घुमण्यापेक्षा कानाला जास्त टोचतो.

पंखे मदरबोर्डला जोडले तर वेगळी अडचण: बायोसला सहसा प्रोसेसरचं तापमान कळतं, कार्डाचं नाही. विंडोजवर फॅनकंट्रोल किंवा लिनक्सवर कूलरकंट्रोल लागतं. सॉफ्टवेअर बंद पडलं तर कार्ड उपाशी राहू नये म्हणून बायोसमध्ये किमान ५० टक्के ठरवून ठेवा. दोन पंखे एका वाय केबलवर असतील तर वेग सांगणारी तार एकाच पंख्याची जोडलेली हवी. दोन्हींची जोडली तर आकडे वेड्यासारखे दिसतात.

तरीही तापमान उतरलं नाही तर गळती शोधा. पंखा आणि हीटसिंकच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर बाहेर फेकला गेला तर हवा फिन्समध्ये न शिरता कडेनं पळते आहे. हवा कामचुकार असते, जिथे अडथळा कमी तिथे जाते. तिथे फोम टेप. मग अर्धा तास रेंडर चालवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये नुसता कोर नव्हे, हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि मेमरी यांचंही तापमान बघा. आरटीएक्स ३०८०, ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांपाशी स्वतःचा वेग कापते, आणि कोर तेव्हा अगदी निवांत दिसू शकतो.

प्रश्न: पंखे बदलले, तरी गेम सुरू असताना बारीक ‘चीं’ आवाज येतोच.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: गेम चालू असताना पंखे काही सेकंद थांबवा. आवाज राहिला तर तो कार्डावरच्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) आहे, पंखे कितीही बदला. फ्रेम रेट ६० वर बांधा, बहुतेक वेळा आवाज बराच उतरतो. मेन्यूच्या पडद्यावर शेकडो फ्रेम निघतात तेव्हा तो सर्वांत जास्त ऐकू येतो.

प्रश्न: जुन्या एसएमपीएसमधला (पीसीच्या पॉवर सप्लायमधला) १२० मिमीचा पंखा वापरला तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर: तो बहुधा दोन तारांचा असतो. पीडब्ल्यूएम नाही, म्हणजे कार्डाच्या सॉकेटवर तो कायम पूर्ण वेगानं फिरणार. मदरबोर्डच्या डीसी मोडमध्ये व्होल्टेज कमी करून तो हळू चालवता येतो, पण आधी लेबलवरचे अँपिअर वाचा. बहुतेक मदरबोर्ड पिना १ अँपिअरपर्यंतच झेपवतात. आणि बेअरिंग खरखरत असेल तर शांततेसाठी तो पंखा कामाचा नाही.